केशरी वाक्य

४

ही गोष्ट चारपासून सुरू होते. एक, दोन आणि तीन हे भाग घडले, पण तेव्हा मी तिथे नव्हते. म्हणजे शरीर होतं. लोक सांगतात, मी बोलत होते, फिरत होते, एकदा तर बराच वेळ गात होते. त्यातलं जे हाती लागेल ते पुढे जोडीन. जे लागणार नाही त्याची जागा मोकळी सोडीन.

तर चार.

चारमध्ये मी रत्नागिरीच्या एका इस्पितळात खिडकीशी बसले आहे आणि डॉक्टर शेवडे माझ्या कानामागे एक टिकली चिकटवत आहेत. मसुराच्या दाण्याएवढी. तिच्या जोडीला एक बांगडी. पांढरी, काचेसारखी दिसणारी, पण आपटली तरी फुटणार नाही अशी.

"ही विचार वाचते?" मी विचारलं.

"वाचता आले असते तर मी आधी आमच्या ह्यांचे वाचले असते," डॉक्टर म्हणाल्या. "विचार नाही वाचत. विचारावरची तुमची पकड मोजते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांचे शब्द मला तेव्हा पेलले नव्हते.

मेंदू दिवसभर एक काम न थकता करत असतो. समोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो वजन देतो. फाटक करकरलं, वजन काही नाही. कौलावर कावळा बसला, काही नाही. बाळ रडलं, भरपूर. या वजनांवर आपण जगतो, पण ती आपल्याला जाणवत नाहीत. बाळंतपणानंतर बाईच्या अंगातली संप्रेरकं एकाएकी उतरतात, त्यात झोप तुटते, आणि हजारात एखाददुसरीचा हा तराजू बिघडतो. मग फाटक उगीच करकरत नाही. कावळा उगीच बसत नाही. सगळं जग आपल्यालाच उद्देशून काहीतरी सांगायला लागतं. डॉक्टर याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात. आमच्या शेजारच्या कुसुमकाकी 'बाहेरचं' म्हणतात.

याच्या पुढचं महत्त्वाचं. धडधाकट माणसाला अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसलं, की मेंदूत एक बारीक लहर उठते. 'अरे, चुकलं वाटतं.' तेवढीच. त्या लहरीमुळे आपण दिलेलं वजन परत घेऊ शकतो. आजारात ती लहर उठतच नाही, नाहीतर भलत्या जागी उठते. टिकली कवटीतून मंद प्रकाश सोडते, रक्ताचा ओघ टिपते, विजेचे बारीक ठोके टिपते आणि ती लहर शोधत राहते. लहर शाबूत असेल तर बांगडी पांढरी. विचार इतका आवळून धरला असेल की लहरीला उठायला जागाच उरली नाही, तर केशरी.

"आणि विचार खरा असला तर?"

"खरंखोटं तिला कळत नाही. आवळून धरलेलं खरं आणि आवळून धरलेलं खोटं, दोन्ही केशरी."

हे वाक्य मी नीट ऐकलं नाही. मला पुढचं विचारायचं होतं.

"केशरी झाली तर?"

"क्षणभर होईल, सगळ्यांची होते. पण बराच वेळ राहिली तर मला इथे दिसेल. मग तुम्ही परत यायचं."

"बाळ?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत नाहीत, तोंडावर सांगतात. हा त्यांचा गुण. "आई-बाळ कक्षात दोन महिन्यांच्या आतलीच बाळं घेता येतात. तुमची आता मोठी झाली. परत यावं लागलं तर तुम्ही एकट्याच याल."

५

माहेरी आई नाही, म्हणून माझं बाळंतपण सासरीच झालं होतं. गुहागरच्या अलीकडे आमची वाडी. नारळ, पोफळी, आणि त्यांच्या सावलीत सासऱ्यांनी लावलेली जायफळाची झाडं. सासरे गेले, झाडं यंदा कुठे भरघोस धरली. खालची निम्मी वाडी समुद्राने घेतली ती सासरे असतानाच. रुपेश, माझा नवरा, ड्रोनतळावर आहे. आंब्याच्या पेट्या तिथून उडतात. पावसात ड्रोन बंद, त्यामुळे तो घरी होता.

घरी येऊन मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "आमटीत मीठ कमी आहे."

रुपेशने माझ्या मनगटाकडे पाहिलं. पांढरी. मग त्याने मीठ घेतलं.

तो वाईट नव्हता. कुणीच वाईट नव्हतं. पण बांगडी आल्यापासून माझं बोलणं आधी मनगटावर जाई आणि तिथून पास होऊन माणसांपर्यंत पोचे. कुसुमकाकी दगडी गडग्यापलीकडून विचारायच्या, "आज रंग काय गो?" भरती कधी आहे विचारावं तसं. एकदा मी म्हटलं, "काकी, तुमचा काय?" तर म्हणाल्या, "माझा पिकला रंग, त्याला बांगडी कशाला," आणि बराच वेळ स्वतःशी हसत राहिल्या.

सासूबाईंना मी आई म्हणते. वनिता नाव. बोलणं कमी, हात सतत चालू. मला बाळापाशी एकटं सोडायचं नाही असं ठरलं होतं. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी पाळण्याजवळ गेले की त्या घेवडा घेऊन येत आणि निवडत बसत. त्या दिवसांत आमच्याकडे इतका घेवडा निवडला गेला, की रुपेश एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "आई, आज निदान भेंडीची पाळत ठेव." आई हसल्या नाहीत. मी हसले. बांगडी पांढरी.

बाळाला नाव नव्हतं. बाराव्या दिवशी मी वॉर्डात होते. नणंदा म्हणाल्या, उरकून घेऊ. आई म्हणाल्या, "तिची आई आल्याशिवाय पाळण्यात नाव पडायचं नाही." म्हणून मुलगी अजून 'बायो' होती. बायो वरच्या दुधावर होती, कारण माझ्या गोळ्या दुधात उतरतात. रात्री ती माजघरात आईंजवळ निजे. मी आतल्या खोलीत, गोळी घेऊन.

मी निघताना डॉक्टरांनी घरच्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: झोप हेच पहिलं औषध. एक रात्र मोडली तरी मला कळवा. माझ्या झोपेची उभी पट्टी रुपेशच्या फोनवर दिसायची. आई सकाळी दूध तापवायच्या आधी ती बघायच्या. वाचायला चष्मा लागे, पट्टीला नाही. पट्टी पूर्ण भरलेली दिसली की त्यांचा खांदा जरा खाली यायचा.

पट्टी रोज पूर्ण भरलेली असे. बायो रात्रीची रडतच नव्हती.

६

हे मला कधी लक्षात आलं ते सांगता येत नाही. आधी बाटली. तळाशी दूध उरायला लागलं. मग मूठ. बाळं झोपेतही मूठ आवळतात, बोट घातलं की धरतात. बायोची मूठ उघडी पडलेली असायची, पिकलेलं पान पडावं तशी. मग डोळे. उघडायची, माझ्याकडे बघायची, आणि ओळख पटायच्या आत पापण्या खाली.

मी पाळण्याशी उभी होते. आई घेवडा निवडत होत्या. आणि माझ्या डोक्यात एक वाक्य उमटलं.

*हिला झोपवून टाकणार आहेत.*

मी हे वाक्य ओळखलं. एक ते तीन या भागांतून माझ्याजवळ उरलेली ही एकच वस्तू होती. तेव्हा मी दिवसरात्र हेच म्हणत होते, असं रुपेशने सांगितलं होतं. हेच शब्द, हाच क्रम.

मनगट केशरी झालं. मी हात पदराखाली घेतला.

इथे माझी कोंडी झाली ती साधी होती. बोलले, तर बांगडी बोलणार: आजार परत आला. मग रत्नागिरी, वॉर्ड, मी एकटी. नाही बोलले, तर बायोला खरंच काही होत असेल आणि ते बघणारी मी एकटीच असेन. तिसरी शक्यता सगळ्यांत थंड: बायोला काहीच होत नसेल, आणि हे बघणारी मी नसून आजार असेल. आतून तिन्ही सारख्याच दिसत होत्या.

संध्याकाळी अंगणात रुपेश कोयता घासत होता. मी जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हटलं, "बायो जरा जास्तच झोपते, नाही?"

त्याने मान वर केली. तोंडाकडे नाही, मनगटाकडे.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"मिताली, झोपतेय ते चांगलंच आहे ना. तुला झोप मिळते." मग जरा थांबून, "डॉक्टरांना फोन लावू?"

"नको," मी म्हटलं. "मीच जरा पडते."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आई वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या पडवीत गेल्या. बायो झोपलेली. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि फडताळात घुटीची डबी दिसली.

घुटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाळाला रोज दुधात उगाळून द्यायचं ते चाटण. सहाणेवर थोडं दूध घेऊन वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, खारीक, बदाम, जायफळ अशा एकेका जिनसाचे मोजके वेढे द्यायचे. कुणाचा एक, कुणाचे दोन. जायफळाचा अर्धाच, कारण त्याने झोप येते. आता डॉक्टर नको म्हणतात, तरी घरोघर डबी असतेच.

मी डबी उघडली. हळकुंड जवळपास कोरं. हिरडा टोकाशी किंचित पांढरा. मुरुडशेंग तशीच. जायफळ मात्र अर्धं संपलेलं, आत नक्षी दिसायला लागलेली. आमच्याच झाडाचं, चुलीवरच्या फळीवर वाळवलेलं. हुंगलं तर नाकात झिणझिणलं. बाजारातल्या जुन्या जायफळाला असा वास नसतो.

बांगडी केशरी.

मी डबी होती तशी ठेवली आणि पेट्यांच्या खोपीत जाऊन बसले. आंबा संपला की रिकाम्या पेट्या तिथे छतापर्यंत रचून ठेवतात, पेंढा कोपऱ्यात. भिंतीशी पाठ टेकली. मला इतकंच ठाऊक होतं की माझ्याकडे एक वाक्य आहे, ते केशरी आहे, आणि ते अख्खंच्या अख्खं कुणापुढे ठेवता येणार नाही. मग मनात आलं, अख्खं कशाला ठेवायला हवं.

मी मनगट मांडीवर ठेवलं आणि मोठ्याने, सावकाश बोलले. एका वेळी एक तुकडा.

बायो जास्त झोपते.

*पांढरी.*

दूध उरतं.

*पांढरी.*

जायफळ झिजलंय.

*पांढरी.*

जायफळाने झोप येते.

*पांढरी.*

आई जायफळ जास्त उगाळतात.

*कडेला पिवळट. मी श्वास सोडला. पांढरी.*

आई मुद्दाम उगाळतात.

*केशरी.*

आईंना बायो हवी आहे आणि मी नको आहे.

*केशरी. गडद.*

तर असं होतं. वाक्य एकच वाटत होतं, पण त्याला मधे सांधा होता. अलीकडचा भाग माझ्या डोळ्यांनी पाहिलेला, पलीकडचा आजाराने शिवलेला. आणि गंमत अशी, की पलीकडच्या भागाला चव होती. तो म्हणताना सगळं जागेवर बसत होतं: घेवडा, नजर, माजघर, बारसं. अलीकडचा भाग बेचव. त्यात नुसतं जायफळ होतं आणि पुढे काही नव्हतं.

मी पुन्हा प्रयत्न केला.

आई जायफळ जास्त उगाळतात. का, ते मला माहीत नाही.

*पांढरी.*

'मला माहीत नाही' म्हटल्याबरोबर. मी तीच ओळ पुन्हा म्हटली, नुसती रंग बघायला. पांढरी. हे वाक्य अर्धवट होतं आणि म्हणूनच ते घेऊन चालता येणार होतं.

८

आई चहा टाकत होत्या. मी दारात उभी राहिले. रुपेश मागे पायरीवर बसलेला.

"आई, एक सांगू?"

"सांग की."

"बायो जास्त झोपते. दूध उरवते. मी घुटीची डबी बघितली, जायफळ अर्धं संपलंय. मला वाटतं ते जास्त होतंय. का होतंय ते मला माहीत नाही."

आईंचा हात चहाच्या डब्यावर तसाच राहिला. मग त्यांनी जे सगळे करतात तेच केलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं. पायरीवरून रुपेशनेही मान वळवली.

मनगटाला कडेने पिवळट झाक येत होती. मला ती चढताना जाणवत होती, पायाखाली लाट यावी तशी.

"आई," मी म्हटलं, "हाताकडे नका बघू. पाळण्याकडे बघा."

मग आईंनी गॅस बंद केला आणि माजघरात गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी बायोच्या उघड्या मुठीत आपलं बोट ठेवलं. मुठीने धरलं नाही. त्यांनी गालावर टिचकी मारली, तळव्याला गुदगुली केली. बायोने एक डोळा अर्धा उघडला आणि मिटला.

आई खाली बसल्या. नेहमी बसतात तशा नाही, जमीन कुठे आहे ते न बघता.

"मुद्दाम घालते मी," त्या म्हणाल्या.

रुपेश म्हणाला, "काय?"

"मुद्दामच. दोन वेढे जास्त. मग तीन." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाळण्याकडे बघत होत्या. "ही रात्री उठली की तू उठणार. तू उठलीस की तुझी झोप मोडणार. झोप मोडली की ते तुला नेणार. म्हणून फोनवरची ती पट्टी रोज आधी बघायची मी. म्हटलं, पोर झोपली तर आईपण झोपेल. माझी आईही द्यायची तेवढे, पण तिचं जायफळ बाजारातलं, पोकळ. हे घरचं. तेवढ्या वेढ्यांनी काय होतंय, असं वाटलं."

मला आत काहीतरी झालं. अगदी बारीक. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी तसं.

अरे. चुकलं.

मुद्दाम. पण माझ्यासाठी.

मी मनगटाकडे बघितलं नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, त्या घटकेला बांगडी इतकी पांढरी होती, की त्यांना आधी वाटलं मी ती काढून ठेवली.

"कुणाला नेलं होतं, आई?" मी विचारलं, कारण त्यांनी 'तुला नेणार' हे माझ्याविषयी म्हटल्यासारखं वाटलं नव्हतं.

"शालनला. माझ्या धाकट्या बहिणीला. बाळंतपणात तिची झोप गेली, मग तुझ्यासारखंच. सासरच्यांनी आमच्या दारात आणून सोडली, मुलगा तिकडे ठेवला. सालभरात बरी झाली ती. चांगली बरी. पण परत नेली नाही कुणी. मुलाच्या लग्नाला बोलावणं आलं, तेव्हा पाहुण्यांच्या ओळीत बसली होती. अक्षता टाकल्या आणि जेवून आली." आईंनी नाक पुसलं. "म्हटलं, माझ्या घरात असं व्हायचं नाही."

रुपेश फोन लावत होता. गुहागरच्या बालरोगतज्ज्ञांनी बायोला लगेच आणायला सांगितलं. त्यांनी तिला तपासलं, वजन केलं, तिथेच ठेवून घेऊन रात्रभर नजर ठेवली, आणि सकाळी आईंना समोर बसवून जे काय सुनावलं ते आईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. घुटी बंद. धोका टळला होता. आणखी काही आठवडे गेले असते तर, यावर त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

दोन दिवसांनी बायो रडली. घरी आल्यापासून मी तिचा असा आवाज ऐकलाच नव्हता. कुसुमकाकी गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "कुणाचं गो पोर?"

२

हा भाग आईंचा. त्यांनी पुढच्या आठवड्यात झोपाळ्यावर बसून सांगितला. मी मागितला म्हणून.

"सकाळ होती. तू न्हाऊन आलीस आणि मला म्हणालीस, आई, पेटीला पेंढा आहे ना. मी म्हटलं, आहे. मला वाटलं तू रुपेशला मदत करायला बघतेस. मी चुलीपाशी होते. मग बघते तर पाळणा रिकामा.

"रुपेश किनाऱ्याकडे धावला. मी विहिरीकडे. कुसुम बोंबलायला लागली, सगळी वाडी गोळा झाली. तू पायरीवर बसून होतीस. गात होतीस. विचारलं, बाळ कुठाय, तर म्हणालीस, लपवलंय, आता कुणी झोपवायचं नाही तिला.

"खोपीत सापडली. पेटीत. हापूसची मोठी पेटी. खाली पेंढा, वर पेंढा, मधे ही. आंबा कसा ठेवतात, देठ वर करून, एकाला एक न लागता, तशी. झाकण लावलेलं नव्हतं. जागीच होती, हातपाय हलवत होती.

"लोक म्हणाले, बघा, काय केलं हिने. तेव्हा माझ्याही तोंडून काही आलं नाही. पण नंतर मी पुष्कळदा आठवून बघितलं. वरचा पेंढा छातीपर्यंत होता फक्त. तोंडाजवळचा तू बोटांनी मागे सारला होतास, दोन्ही बाजूंना, नीट, भांग पाडावा तसा. नाक उघडं ठेवलं होतंस तिचं.

"डोक्यात तेवढं वादळ असताना. ते कुणी सांगितलं नसेल तुला. म्हणून सांगते."

३

९

डॉक्टर शेवडे आल्या त्या तपासणीला, खाडी ओलांडून, छोट्या विजेच्या बोटीतून. आधी आईंना रागावल्या, मग स्वतःला. "झोप, झोप म्हणून मीच घाबरवलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पट्टी दाखवली आणि ती भरायचं कसं ते सांगितलं नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "त्या दुपारी तुमचा आलेख मी तिथे बसून बघत होते. केशरी, पांढरी, पांढरी, केशरी. गाडी पाठवायला फोन उचलला होता. तेवढ्यात परत पांढरी. काय करत होतात?"

"वाक्य तोडत होते."

मी त्यांना खोपीत नेलं आणि दाखवलं. त्यांनी दोनदा करून घेतलं. काही लिहून घेतलं नाही, नुसत्या बघत राहिल्या.

"आम्ही ही बनवली ती बाहेरच्यांना कळावं म्हणून," त्या म्हणाल्या. "हिचा वापर आतून कुणी करील असं डोक्यातच आलं नाही. वॉर्डात अजून काही जणी आहेत. त्यांना सांगाल?"

"सांगीन. पण त्या खोटं वाक्य कुठलं ते बांगडीला विचारतील. ते तिला नाही कळत."

"तुम्हाला सांगितलं होतं मी ते."

"हो. मी ऐकलं नव्हतं."

आई हे सगळं दारातून ऐकत होत्या. एकाएकी पुढे आल्या आणि हात पुढे केला. "मला घाला बघू ती."

"आई, तुला कशाला," रुपेश म्हणाला.

"घाला म्हणते ना."

डॉक्टरांनी टिकली आणि बांगडी माझ्या अंगावरून काढून त्यांना लावली. बांगडी त्यांच्या हाताच्या हाडाला अडली, साबण लावून चढवली. ती दुसऱ्याच्या मेंदूला बेतलेली असते, नीट चालत नाही, असं डॉक्टर सांगत होत्या, तोवर आई म्हणाल्या, "वरणात गूळ घालतात."

बांगडी भडक केशरी झाली.

"काकवी नाही. साखर नाही. गूळ."

अजून भडक. रुपेश भिंतीला धरून हसत होता. आईंनी बांगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे मलाच न्यायला हवं होतं तिकडे."

१

जुना एक हाती लागला नाही, हा नवा. ज्या दिवशी बारशाची खरेदी करायला रुपेश आणि आई गुहागरला निघाले, त्या दिवशी बांगडी माझ्याच हातात होती. अजून काही महिने राहणार आहे. मला तिचं ओझं वाटत नाही. चष्म्याचं वाटत नाही तसं.

रुपेश पुढे जाऊन गाडी काढत होता. आई दारापर्यंत गेल्या, छत्री राहिली म्हणून परत आल्या. पाळण्यात डोकावल्या. बायोच्या मुठीत बोट ठेवलं, मुठीने ते घट्ट धरलं, सोडवून घ्यावं लागलं. मग माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे.

"दार लोटून घे," त्या म्हणाल्या. "मांजर येतं."

आणि गेल्या. घेवड्याची टोपली फळीवर रिकामी होती.

फाटक करकरलं. ते नेहमीच करकरतं, तेल घालायचं राहतं.

मी दार लोटलं आणि पाळण्याशी बसले. घरात आम्ही दोघी. असं याआधी एकदाच झालं असेल, आणि ते मला आठवत नाही. मी काही करत नव्हते. बायोच्या नावाचा विचार करत होते. नणंदेने दोन सुचवली होती, मला दोन्ही आवडली नव्हती, आणि ते मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं. कुणी मनगट बघितलं नव्हतं. नणंदेचं तोंड उतरलं होतं फक्त.

बायो उठली. आधी कुरकुर, मग ओठ वाकडे, मग सगळा आवाज एकदम.

मी ऐकलं. आजाराच्या दिवसांत तिच्या रडण्यात शब्द होते, एवढं मला नंतर कळलं होतं. मी ते रुपेशला समजावून सांगायचे म्हणे, ती काय म्हणतेय ते. मी आता शब्द शोधले. प्रामाणिकपणे शोधले. नव्हते. भूक होती आणि दुपटं ओलं होतं.

बांगडी क्षणभर केशरी झाली. बाळ रडलं, वजन भरपूर. मग पांढरी.

मी दूध कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून बघितला, बांगडीच्या जरा वर. दुपटं बदललं. पाऊस वाजत होता, गारवा होता, म्हणून तिला गुंडाळलं. शेवटचा काठ घेताना माझ्या हाताकडे माझं लक्ष गेलं. त्याने कापड तिच्या हनुवटीखाली दुमडलं होतं आणि दोन्ही बाजूंना मागे सारलं होतं, नीट, भांग पाडावा तसं.

मग मी तिला उचललं.